समुद्राला दिलेला

महोत्सवाचा कार्यक्रम उद्यावर आला होता आणि एफीच्या गटातल्या बायकांचा ताल काही केल्या जुळत नव्हता. दूर उत्तरेकडच्या लुइस बेटावरच्या त्या गावात, सभागृहातल्या लांब मेजाभोवती भर दुपारी आठ जणी बसल्या होत्या. ओलं लोकरी कापड मेजावर आपटायचं, डावीकडच्या बाईकडे सरकवायचं आणि आपटता आपटता गायचं. एकेकाळी हे कापड घट्ट करायचं घरचं काम होतं, आता उन्हाळी पाहुण्यांसमोरचा खेळ झाला होता. नुसता खेळ, असं एफी चाळीस वर्षं स्वतःला बजावत आली होती.

"आता जोड्यांचं गाणं घेऊ या," पेगी म्हणाली.

"ते नको."

"दरवर्षीचं रडगाणं तुझं. यंदा कोण ऐकतंय!"

या गाण्यात एक जण एखाद्या मुलीला कुणा पुरुषाचं नाव जोडते. कापड एक फेरी पुरी करायच्या आत मुलीने उत्तर द्यायचं. पसंत असेल तर 'माझा', नसेल तर 'समुद्राला दिला'. एकोणिसाव्या वर्षी एफीने रोरीला हसत हसत समुद्राला दिलं होतं. तिला 'एफे' म्हणणारा तो एकटाच. तिचा जीव होता त्याच्यावर, मैत्रिणींपुढे लाजली एवढंच. तिसऱ्या दिवशी त्याची होडी रिकामी सापडली.

धप्, धप्. दोन जोड्या लागल्या, हशा पिकला. मग कुणीतरी खालच्या पट्टीत गायलं, "किर्स्टीला कोण द्यावा? फिनले द्यावा..."

एफीने दचकून मान वर केली. तिने सातही तोंडं पाहिली. एकीचेही ओठ हलत नव्हते.

"पेगी... तू गायलीस?"

"मी? मला वाटलं, तूच."

तरी हात कुणाचेच थांबेनात. कापड निम्म्यावर आलं. एफीची भाची किर्स्टी गाल फुगवून बसली होती. सकाळीच ठरलेल्या नवऱ्याशी, म्हणजे याच फिनलेशी, तिचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि तो तणतणत खेकडे धरायला समुद्रावर गेला होता.

"किर्स्टी, नको... गमतीतसुद्धा नको..."

"सोड ना मावशी. घडू दे त्याला अद्दल."

तिने तोंड उघडलं.

"माझा!" एफी किंचाळली. "माझा आहे तो..."

पेगी हसून हसून मेजावर आडवी झाली. "साठीला आली आणि भाचीचा नवरा पळवला बाईने!" किर्स्टीलाही हसू फुटलं. एफीला काही हसवेना. पोरीच्या तोंडून ते शब्द गेले नाहीत, एवढ्यावर तिने समाधान मानलं.

घरी आल्यावर मात्र तिचा पाय एका जागी ठरेना. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. वारा पडला की भीती वाटायची, सुटला की जास्त वाटायची. नऊ वाजले तरी लख्ख उजेड होता. त्या उजेडात फिनलेची होडी धक्क्याला लागताना दिसली, तेव्हा ती रडली.

डोळे पुसून तिने पुन्हा बाहेर पाहिलं. किर्स्टी हात पसरून धक्क्यावर धावली होती. फिनले तिच्या शेजारून पुढे निघून गेला. तिच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. ती हाका मारत राहिली आणि तो चढ चढत सरळ एफीच्या घराकडे येऊ लागला.

दार वाजलं. फिनलेच्या बाह्यांतून पाणी गळत होतं. एरवी तो मावशी म्हणून मान खाली घालायचा. आज त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"एफे," तो हळूच म्हणाला, "किती वर्षं लावलीस गं उत्तर द्यायला..."