तड्याकडे न पाहणारी माणसे

देवगडच्या किनाऱ्यावरील घरांना आता नजर होती. त्यांच्या भिंतींना संवेदी गिलावा दिलेला असे, म्हणजे प्रकाश आणि कंपने टिपणाऱ्या सूक्ष्म कणांचा गिलावा. घरातल्या माणसांची दृष्टी, श्वास, बोलणे सारे त्यात उमटे आणि विमा कंपनीकडे जाई. समुद्र दरवर्षी थोडा आत सरकत होता. ज्या घराला विमा नाही, त्यात राहायची परवानगीही नव्हती.

निवृत्त शिक्षक वामन सारंग निर्धास्त होते. भरपाई मागितली म्हणून कोणाचाही विमा रद्द करता येणार नाही, असा कायदा झाला होता. तरीही शेजारच्या मयेकरांचा विमा गेला, घर सुटले. त्यांनी तर भरपाई मागितलीही नव्हती.

कारण सांगितले ते विमा कंपनीत काम करणाऱ्या पुतणी केतकीने, बंदरावर, भिंतींपासून दूर. त्यामागचे गणित तिनेच बसवले होते.

"काका, कायदा मागणीनंतर लागू होतो. म्हणून कंपनी मागणीच्या आधीच माणूस ओळखते. आम्ही त्याला पूर्वभय म्हणतो. भरपाई मागणारा माणूस त्याआधी तड्याकडे पुन्हापुन्हा बघतो, भिंतीजवळून जाताना श्वास रोखतो. गिलावा तेवढंच टिपतो."

"म्हणजे घर कोणी तपासतच नाही?"

"घरापेक्षा माणूस लवकर बोलतो."

"वा! शाळेत तुला वजाबाकी येत नव्हती. आता आळीच्या आळी वजा करतेस."

केतकी हसली नाही.

"आणि मी न घाबरता भरपाई मागितली तर?"

"न घाबरता कोण मागतं, काका?"

वामनरावांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला नुकताच केसाएवढा तडा गेला होता.

त्या दिवसापासून घरात एक मूक शिस्त आली. तड्याकडे पाहायचे नाही. आणि न पाहण्याची धडपडही दिसता कामा नये, कारण टाळलेली नजरसुद्धा गिलाव्याला कळते. उपाय एकच उरत होता: भीती खरोखरच वाटू द्यायची नाही.

"त्याच भिंतीशी बसून भाजी चिरत जा," अंगणात नेऊन त्यांनी पत्नीला समजावले.

"मला नाही हो जमणार," शैलाताई म्हणाल्या. "छातीत धडधडतं."

"मयेकरांचं दार बंद झालेलं पाहिलंस ना?"

मग त्या बसू लागल्या. आधी घाम फुटे, पुढे नुसते अवघडल्यासारखे होई, आणि एके दिवशी त्या तिथेच गुणगुणू लागल्या. एव्हाना साऱ्या आळीत 'घर कसं आहे?' असे कोणी कोणाला विचारेनासे झाले होते.

गणपतीत केतकी जेवायला आली. तड्यातून आता हात गेला असता. पलीकडे समुद्र दिसत होता. शैलाताई त्याच भिंतीला टेकून नारळ खवत होत्या. त्यांच्या खांद्यावर बारीक रेती झरत होती.

केतकीने काकांकडे पाहिले. त्या चेहऱ्यावर तिला अभिनय सापडेना. तिथे काळजीच उरली नव्हती. सावध करणारा एक शब्द या भिंतींनी ऐकला, की या दोघांचे घर जाणार होते.

"काकू," ती जमेल तितक्या सहज म्हणाली, "जरा इकडे माझ्याजवळ येऊन बस ना."

"का गं?" शैलाताईंना मनापासून नवल वाटले. "इथे किती छान वारा येतो."