कासार आळीतला पोपट

नवऱ्याला भर बाजारात बघून बायकोची पाचावर धारण बसावी, असं सहसा होत नाही. हर्षालीची बसली.

दुपारचा एक वाजून गेला होता. पावसाची नुसती भुरभुर चालली होती, छत्री उघडावी की नको अशी. जुन्नरच्या कासार आळीत बांगड्यांच्या एका दुकानापुढं ऋतिक उभा होता. हातात मिटलेली छत्री, निळ्या शर्टाच्या खिशाला पेन, आणि तोंडावर तो लाजरा भाव… लग्नात पहिला घास भरवताना होता ना, अगदी तोच. खरं तर या वेळी त्यानं तहसील कचेरीत असायला हवं होतं. जुनी दप्तरं स्कॅन करायच्या कंत्राटी कामावर होता तो. बिनखिडकीच्या खोलीत सकाळी दहाला शिरायचा, तो संध्याकाळी सहालाच बाहेर यायचा. निदान तो तसं सांगायचा.

हर्षाली चटकन शेजारच्या साड्यांच्या दुकानाच्या आडोशाला झाली. कुणाला घेतोय हा बांगड्या? माझं माप तर याला माहीतही नाही…

तेवढ्यात त्याचा आवाज आला.

"भाऊ, जरा विचारायचं व्हतं. हितं कुठल्या दुकानात पोपट हाय का?"

"काय हाय का?"

"पोपट. गिऱ्हाईक आलं की 'ताई, हात द्या' म्हणतो म्हणं."

दुकानदारानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पावणं, तीस वर्षं बसतोय मी हितं. 'ताई, हात द्या' मीच म्हणतो. पोपट-बिपट कोण न्हाई."

हर्षालीनं कपाळावर हात मारून घेतला. कारण तो पोपट तिचाच होता. काल संध्याकाळी चहा गाळता गाळता तिनंच त्याला जन्माला घातला होता.

त्याचं असं झालं. लग्नाला तीन महिने झाले होते. ती आंबेगावच्या डोंगरातली, डिंभ्याच्या धरणाच्याही पार मागची. तो जुन्नरच्या पश्चिम अंगाचा. दोन्ही घरं भात-नाचणी करणारी. दोघांचीही गाव सोडून राहायची ही पहिलीच वेळ, आणि एकमेकांबरोबर राहायचीही. जुन्नरात घरमालकीण सारजाबाईंच्या माडीवर दोन खोल्या घेतल्या, पहिल्या संध्याकाळी दोघं समोरासमोर बसली, आणि बोलायला काही सुचेना. बघायच्या कार्यक्रमात जेवढं बोलायचं तेवढं बोलून झालेलं! शेवटी ऋतिकच घसा खाकरून म्हणाला, "असं करू… रोज संध्याकाळी दोघांनी एकेक नवीन गोष्ट सांगायची. ह्या गावातली. स्वतः बघितलेली."

"आन् न्हाई सापडली तर?"

"तर भांडी घासायची."

"सापडली तरी घासली तर चालत्यात," ती म्हणाली, आणि तो पहिल्यांदा मोकळा हसला.

तेव्हापासून रोज चहाबरोबर गोष्टी. ऋतिक सांगायचा, एका बोळात दोन शिंपी भाऊ समोरासमोर दुकानं मांडून बसतात. अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, पण मोठी कात्री दोघांत एकच. इकडचं गिऱ्हाईक ती तिकडं पोचवतं, तिकडचं इकडं. सांगताना त्याची उजवी भुवई वर चढायची. हर्षाली शिंप्यांकडं कमी आणि त्या भुवईकडंच जास्त लक्ष द्यायची. मग बोलणं भलतीकडंच जायचं. या गावात लोक दिवसाढवळ्या दार लावून घेतात, ते आत करतात तरी काय? नळाला पाणी येणार म्हणून माणसं झोपेतून कशी उठतात? आपल्याला इथं अजून सकाळी जाग येते ती कोंबडा नसताना कशी काय येते?

"तुला काय वाटतं, आपण हितलं व्हायला किती दिवस लागतील?" एकदा त्यानं विचारलं होतं.

"भाताचं रोपसुद्धा उपटून दुसरीकडं लावलं की आठ दिवस पिवळं पडतं. मग धरतं."

"आपण किती पिवळं झालोय?"

"तुमी तर पहिल्यापासनंच," ती म्हणाली. त्यावर त्यानं उशी फेकून मारली होती.

गोष्ट सांगायची तिची पाळी आली की मात्र तिची पंचाईत व्हायची. पहिल्याच आठवड्यात ती काडेपेटी आणायला बाहेर पडली आणि वाट चुकली. डोंगरात जनावरांमागं हिंडलेली पोर! तिकडं मान वर केली की कडा दिसतो, चुकायचं कामच नाही. इथं वर बघावं तर पत्रे आणि वायरी. पिठाच्या एकाच गिरणीवरून ती तीनदा गेली. तिसऱ्यांदा गिरणीवाला म्हणाला, "ताई, दळण कुठाय?" त्यात पाठीमागून मोटारसायकलींचे हॉर्न. रडकुंडीला येऊन ती कशीबशी घरी पोचली, आणि तेव्हापासून कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडं तिनं पाऊल टाकलं नाही. हे नवऱ्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून मग ती बनवायला लागली. गिऱ्हाईक झोपलं तर दाढी फुकट करणारा न्हावी. गच्चीवर भाताचं रोप टाकणारी म्हातारी. आणि काल, पोपट.

हे असंच चाललं असतं. पण परवा तिच्या सासूबाईंचा, साळुबाईंचा, गावाहून फोन आला. पहिला आखाड तोंडावर. नव्या नवरीनं आखाडात सासूचं तोंड बघायचं नसतं, तिनं माहेरी जायचं. रविवारी तिचा भाऊ न्यायला येणार होता. त्यात नवल काही नाही. पण साळुबाई पुढं म्हणाल्या, "आखाड सरला का मंग परस्पर घरीच ये पोरी. खोली सोडून टाका. ऋतिक गाडीवर ये-जा करंल."

म्हणजे तो उजाडायच्या आत निघणार, अंधार पडल्यावर येणार, घर माणसांनी गच्च भरलेलं. संध्याकाळचा चहा गेला. भुवई गेली. आणि ऋतिक? तो शेजारी बसून सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "बरं."

नुसतं बरं! दोन दिवस हर्षाली वाट बघत होती, हा एकदा तरी 'राहा' म्हणेल म्हणून. तो म्हणाला नाही. आपण राहिलो काय आणि गेलो काय, याला सारखंच आहे का? मग आज तिनं ठरवलं, जायचंच आहे तर जायच्या आधी या माणसाला एक तरी खरी गोष्ट सांगायची. छातीवर दगड ठेवून ती कोपऱ्यावरचं दुकान ओलांडून निघाली, आणि विचारत विचारत कासार आळीत आली. निदान पोपटाच्या जागेवर खरं काय आहे ते तरी बघावं म्हणून.

आणि बघते तर हा!

ऋतिक पुढच्या दुकानात गेला. तिथंही पोपटाचीच चौकशी. तिथल्या दोन पोरी ओढणी तोंडावर धरून हसत सुटल्या. मग तो पुढं निघाला. हर्षाली जीव मुठीत धरून मागं मागं. निळा शर्ट डावीकडं वळला, ती डावीकडं. उजवीकडं, ती उजवीकडं.

"गिऱ्हाईक झोपलं तर तुमी पैसं घेत न्हाई का?" ऋतिक वळणावरच्या न्हाव्याला विचारत होता.

"राव, मग माझं दुकान न्हाई, धर्मशाळा झाली," न्हावी म्हणाला.

आता तिची खात्री पटली. हा माझं खोटं पकडायला निघालाय! एकेक तपासतोय, कचेरीतल्या दप्तरासारखं. संध्याकाळी समोर बसवून विचारणार… तेवढ्यात निळा शर्ट एका अरुंद बोळात शिरला. ती घाईनं शिरली. बोळाला पुढं वाटच नव्हती. ऋतिक माघारी वळला आणि दोघं एकमेकांवर आदळली.

"तू… हितं?"

"तुमी… हितं?"

"मी आधी विचारलं."

"मी आधी बघितलं. कासार आळीपासनं."

ऋतिकचे कान लाल झाले. "म्हंजे ते पोपटाचं…"

"ऐकलं."

तेवढ्यात सर जोरात आली. बंद दुकानाच्या पत्र्याखाली दोघं सरकली. जागा एका माणसापुरती, त्यामुळं खांद्याला खांदा लागला. दोघांनीही तो काढून घेतला नाही. हर्षालीनं मान खाली घातली आणि एका दमात सांगून टाकलं.

"न्हाई तो पोपट. न्हावी न्हाई, म्हातारी न्हाई, काय न्हाई. समदं मी बनवलं. मला वाटा कळत न्हाईत हितल्या. मी कोपऱ्याच्या पुढं कधी गेलेच न्हाई. बोला आता काय बोलायचं ते."

"मला माहीत हाय."

"काय?"

"लई दिवसांपासनं माहीत हाय. म्हातारीच्या वेळंपासनं. गच्चीवर कोण रोप टाकतं गं?"

हर्षालीनं डोळे पुसले आणि तिला रागच आला. "मग मला विचारायचं सोडून गावभर खुळ्यासारखं पोपट काय शोधताय?"

तो छत्रीच्या टोकानं फरशीवर रेघा ओढायला लागला. "पहिल्यांदा खरं समजूनच निघालो व्हतो. मी दिवसभर त्या कोंडवाड्यात. वाटलं, तू एवढं काय काय बघतीस, ते आपण बी बघावं. जेवायच्या सुट्टीत डबा पाच मिनटात संपवायचा न् निघायचं. तुझं एक बी सापडलं न्हाई. पण तुझी म्हातारी शोधताना ते शिंपी भाऊ सापडले. आजवर मी तुला जेवढं सांगितलं ना… ते समदं तुझं शोधतानाच दिसलंय. तू नसतीस तर मला काय दिसलं असतं? कचेरी न् खोली."

"पण मग आज… आज तर माहीत व्हतं ना, न्हाई म्हणून?"

"व्हतं. तरी म्हटलं… असला तर?" त्यानं तिच्याकडं बघितलं. "तुझं एखादं तरी खरं निघावं असं लई वाटायचं बघ."

हर्षालीला एकदम भरून आलं. या माणसावर आपलं प्रेम बसलंय, हे तिला तिथं कळलं, त्या गळक्या पत्र्याखाली, लग्नाला तीन महिने होऊन गेल्यावर. आता हसावं की रडावं? तिनं दोन्ही केलं.

"मग परवा 'बरं' कशाला म्हणालात?"

"कारण…" तो अडखळला. "तू खोटं सांगतीस म्हंजे तुला हितं करमत न्हाई, असं मला वाटलं. मन रमलं असतं तर खरं काय तरी दिसलं असतं ना. आईला मीच बोललो, पोरीचं मन लागंना म्हणून. तवाच ती म्हणाली, खोली सोडा."

"अहो! मला एकदा विचारायचं तरी!"

"आन् तू 'न्हाई करमत' म्हणाली असतीस तर? मग मी काय केलं असतं?"

काय शहाणा माणूस! बायको जाईल या भीतीनं बायकोलाच पाठवून देत होता.

"मग विचारा आता," ती म्हणाली.

"करमतं का… हितं?"

"गावाचं अजून काय सांगता येत न्हाई." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "तुमच्यासंगं करमतं. लई करमतं."

ऋतिकनं तिच्या बोटाला गुंडाळलेली ओढणी सोडवली, आणि बोट मात्र सोडलं नाही. पाऊस पत्र्यावर वाजत होता, म्हणून त्याला तिच्या कानाशी वाकावं लागलं.

"मग राहा. म्हंजे… आखाडाचं जा, तुझी आई वाट बघत असंल. पण माघारी घरी न्हाई. हितं ये. माझ्याकडं."

"मला सांगून काय उपयोग? आत्यांना सांगा, तुमच्या आईला."

"सांगतो की. संध्याकाळी."

"आत्ता."

त्यानं तिच्याकडं बघितलं. ती ऐकणाऱ्यातली नव्हती. त्यानं फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि भुवई वर न चढवता, भीतभीत सांगितलं. पलीकडून साळुबाई कडाडल्या.

"मंग तवा काय तोंडाला कुलूप घातलं व्हतं का? मला काय हौस आलीय पोरांना दावणीला बांधायची? तूच म्हणाला, पोरीचं मन लागंना!"

"लागतंय, आई."

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच."

"दे तिच्याकडं."

"आत्या…" हर्षाली फोनकडं वाकून म्हणाली.

"राहा गं बाई, राहा. पर आखाड सरला का भात बेणायला, तण काढायला दोन दिस दोघं बी या. पगारी झाला म्हणून चिखलातनं सुटला न्हाई म्हणावं त्याला." आणि फोन ठेवता ठेवता साळुबाई हसल्या, ते दोघांनाही ऐकू आलं.

ऋतिकनं वेळ बघितली आणि दचकला. दोनला कचेरीत हजेरी. "चल, तुला घरी सोडतो न् पळतो."

हर्षालीनं बोळाच्या तोंडाशी येऊन इकडं तिकडं बघितलं. आपण कुठून आलो, याचा तिला काडीचा पत्ता नव्हता. "एवढ्या वाटा वळले, पण सगळा वेळ तुमच्या शर्टाकडंच बघत व्हते," ती म्हणाली.

"म्हणून तर म्हणतो, चल."

"नको. तुमी जा कचेरीत. मी जाते विचारत."

"अगं, चुकशील."

"चुकले तर चुकले. सापडंल काय तरी."

सर ओसरली होती. त्याच्या हातातली छत्री घेऊन ती निघाली सुद्धा. समोरून डोक्यावर मेथीची पाटी घेतलेली एक बाई येत होती. हर्षालीनं तिला थांबवलं आणि घराजवळच्या पाण्याच्या टाकीकडं कसं जायचं ते विचारलं. बाईनं हात करून वाट दाखवली, आणि तिला नीट निरखून बघितलं.

"कुठली गं तू?"

"हितलीच," हर्षाली म्हणाली. "नवी हाय जरा."

ऋतिक बोळाच्या तोंडाशी अजून उभाच होता. ती टाकीकडं वळेपर्यंत तो बघत राहिला. त्या दिवशी कचेरीत त्याला उशीर झाला, आणि उशिराचं कारण काय लिहावं हे त्याला शेवटपर्यंत सुचलं नाही.