एक पान कमी

उजाडायच्या सुमाराला मालन कोयती घेऊन केळींत शिरायची, तेव्हा पानांवरचं दव तिच्या मानेवर टपटपायचं आणि रहाटाचा बैल नुकता कुठं अंग झाडत असायचा. सांडोरच्या वाडीत लग्न होऊन आल्याला तिला चौदा वर्षं झाली होती, आणि चौदा वर्षं जेवणाची पानं तीच कापत होती. पान फाटकं चालत नाही, कोवळं पोपटी चालत नाही, पिवळ्या कडेचं तर नाहीच. देठाशी कोयती टेकवायची आणि मनगट वळवायचं, बस. झाडाला कळतासुद्धा कामा नये.

मोजायची मात्र ती आकड्यांनी नाही. आईनं शिकवलेलं गाणं होतं:

पहिलं माझं पान गं, वाडीच्या देवाला
दुसरं माझं पान गं, दारीच्या गाईला
तिसरं माझं पान गं, सासऱ्या-दिराला
चौथं माझं पान गं, पोटीच्या बाळाला
पाचवं माझं पान गं, वाटेच्या पावण्याला

एक गाणं संपलं की पाच पानं. ती केळीच्या वाळल्या सोपटाच्या दोरीनं बांधायची, की पुन्हा देवापासून सुरू. गाण्यात चूक व्हायची सोयच नव्हती.

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात वसईच्या बंदरावर मुंबईकरांची नुसती झुंबड होती. धक्क्यावर टांगे उभे, ताडगोळेवाल्यांची हाकाटी, पायजम्यावर कोट चढवून हवा खायला निघालेले गृहस्थ, पोरांच्या हातात कागदी भिरभिरी, आणि या सगळ्यावरून वाळत घातलेल्या बोंबलांचा वास. नाकाला पदर लावून बायका म्हणायच्या, "काय बाई हवा!" आणि आठ-आठ दिवस मुक्काम वाढवायच्या. त्या गर्दीत सगळ्यांत भरवशाचं नाव म्हणजे 'सुखवस्ती'. हिरव्या झडपांची दुमजली इमारत, दारावर पाटी : सहकुटुंब राहण्या-जेवण्याची घरगुती सोय. शाखा – वसई बंदर, अर्नाळा, डहाणू. कुठल्याही शाखेत जा, तीच वेताची खुर्ची, तीच आमटी. लेकुरवाळी माणसं डोळे मिटून तिथं उतरायची.

दुपारच्या पंक्तीची पानं मालनकडून जायची. सकाळी ती पानं उतरवायची, आणि व्यवस्थापक भालचंद्रपंत दुसऱ्या दिवशीच्या पानांची चिठ्ठी हातात द्यायचे. सज्जन माणूस. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं, आणि 'ताई' म्हटल्याशिवाय बोलायचे नाहीत.

चैत्र संपता संपता एका सकाळी, पानं मोजून घेताना, स्वयंपाकघरातली बायजा तिच्यावर खेकसली. बायजा पाचूबंदरची कोळीण; तोंडानं फाटकी, मनानं लोणी.

"मालनबाय, येक पान कमी हाय."

"चिठ्ठीत तेवीस होतं, तेवीस आणलीत."

"मानसं चोवीस हायत. आता त्या दादरच्या मास्तरला काय माझ्या तलहातावर वाढू?"

मास्तरांना बायजानं पितळेच्या ताटात वाढलं. मालनला हे दुसऱ्या दिवशी कळलं, कारण दुसऱ्या दिवशी सगळं बंदर तेच बोलत होतं. जेवून मास्तर शतपावलीला गेले आणि ओहोटीच्या चिखलात मेलेले सापडले. गुडघाभर पाण्यात.

पंधरा दिवसांनी दोन पानं कमी आली. त्या दिवशी नवं लग्न झालेलं जोडपं पडावात बसून गेलं. पडाव रिकामा परत आला.

पुढची चिठ्ठी हातात पडली तेव्हा मालननं भालचंद्रपंतांना मुद्दाम विचारलं, "उद्या किती माणसं?"

त्यांनी वही उघडली, बोट फिरवत नावं मोजली. "एकोणतीस, ताई."

"चिठ्ठीत अठ्ठावीस लिहिलंय."

त्यांनी चिठ्ठी घेतली, वाचली, परत दिली. "बरोबर आहे की. अठ्ठावीस."

"आणि माणसं?"

"एकोणतीस," ते शांतपणे म्हणाले. चष्म्याआडचे त्यांचे डोळे अगदी स्वच्छ होते. थट्टा नव्हती, लपवाछपवी नव्हती. दोन आकड्यांमधली फट त्यांना दिसतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मालननं सहा गाणी म्हटली, म्हणजे तीस पानं कापली. एक जास्तच असू दे. गठ्ठे टोपलीत रचले, वर ओलं फडकं टाकलं, आणि बंदरापर्यंत टोपली डोक्यावरून खाली उतरवली नाही. बायजानं मोजली. अठ्ठावीस. दोऱ्या जशाच्या तशा, गाठीसुद्धा मालनच्याच. शेवटच्या गठ्ठ्यात मात्र तीनच पानं होती.

त्या दुपारी वरच्या मजल्यावरच्या एक बाई जेवून आडव्या झाल्या. चहाला हाक मारली तर उठल्या नाहीत.

बायजानं काम सोडलं. "मी जाते बाय," म्हणाली. "समुद्र मानूस नेतो, त्याला आमी भीत नाय. त्याला भूक लागते, तो नेतो. पन हितं कोन जेवतंय, ते मला ठाव नाय."

त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीचं, चंद्रकांताचं, पत्र आलं. ती गिरगावात दिलेली. तिची सहा वर्षांची सरला विषमज्वरातून उठली होती. "पोरीच्या अंगावर मूठभर मांस नाही गं ताई. डॉक्टर म्हणतात, समुद्राची हवा दाखवा. तुझ्या घरी महिनाभर राहायला ह्यांना संकोच वाटतो. 'सुखवस्ती'त उतरू म्हणतात, डहाणूला ह्यांचे साहेब राहून आले. बंदरावरची चांगली की अर्नाळ्याची? तू बघून निवड. तू सांगशील तिथं."

मालननं पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्या दिवशी मोटार धरून अर्नाळा गाठला.

हिरव्या झडपा. वेताची खुर्ची. तीच आमटी, तोच हिंग. व्यवस्थापक निराळा होता, जाडा आणि हसरा. मागच्या दारी पानं उतरवत होती सालोमी नावाची एक ख्रिस्ती बाई, लाल लुगडं, कानात जड सोनं. मालननं तिला पाणी मागितलं, वाडीची चौकशी केली, आणि मग विचारू की नको करत राहिली. सालोमीनंच तिच्या हाताकडं बघितलं. केळीच्या चिकानं काळी पडलेली बोटं दोघींची सारखी होती.

"तुमच्याकडंपण कमी पडतात?" सालोमीनं हलकेच विचारलं.

मालननं मान हलवली. सालोमीनं छातीवर क्रूस केला आणि चोळीतून चिठ्ठी काढून दाखवली. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं होतं. भालचंद्रपंतांचं.

"हा जाडा लिहितो हे?"

"माझ्यासमोर लिहितो. बाकी त्याचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे, मी पाहिलंय."

घरी येऊन मालननं पत्र लिहिलं : कुठलीच शाखा नको. सरळ घरी या. तुझ्या पाया पडते. पण त्या पत्राला टपालात चार दिवस लागले, आणि चंद्रकांताच्या नवऱ्यानं, गुरुदत्तरावांनी, बंदरावरची खोली आधीच ठरवून टाकली होती.

सोमवारी सकाळी भालचंद्रपंत हसून म्हणाले, "ताई, तुमची पाहुणी येतायत ना संध्याकाळी? तीन माणसं. ती धरून उद्याची सव्वीस." आणि चिठ्ठी दिली. पंचवीस.

मालन धक्क्यावर येऊन बसली. समोर भिरभिरी गरगरत होती. सव्वीसांतलं कोण? कुणीही असेल. एखादा म्हातारा असेल, पिकलं पान. असं मनात आलं आणि तिची तिलाच शिसारी आली. कुणाचं तरी पिकलं पान कुणाचा तरी बाप असतो. पण देवा, माझं नको. माझ्या बहिणीचं नको.

मंगळवारी पानं टाकली आणि ती तशीच वरच्या मजल्यावर गेली. "उठा. सामान बांधा. आज जेवायला घरी."

"ताई, अहो पण इथं जेवणाचं ठरवलंय," गुरुदत्तराव दाढीचा साबण पुसत म्हणाले. "घरच्यासारखी आमटी आहे हो इथली."

"घर असताना घरच्यासारखी कशाला?"

"बायकोचं ऐकावं की बायकोच्या बहिणीचं, इथंच आमची पंचाईत!"

"बहिणीचं ऐका," मालन म्हणाली, पण तिचा आवाज थट्टेचा राहिला नव्हता. चंद्रकांतानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि मुकाट्यानं ट्रंक ओढली.

टांगा सांडोरच्या सावलीत शिरला तेव्हा मालननं पहिल्यांदा नीट श्वास घेतला. आता 'सुखवस्ती' मागं राहिली होती. सरला तिच्या मांडीवर होती, हलकी, वाळल्या शेंगेसारखी. "मावशी, तुझ्याकडं विहीर आहे?" "आहे. पण आज तिकडं जायचं नाही."

घरात माणसं सात. नवरा आत्माराम, सासूबाई, मुलगा मधू, पाहुणी तीन, आणि ती. या घरात बायका मागाहून जेवायच्या. मालन तर नवऱ्याच्याच पानावर बसायची, तिच्यासाठी कधी वेगळं पान कापलं जात नसे. आज ती म्हणाली, "आज सगळ्यांनी एकदमच बसायचं. मीसुद्धा."

सासूबाई म्हणाल्या, "हे कुठलं गं नवीन? मुंबईचं वारं लागलं वाटतं."

"एक दिवस, आई."

पानं कापताना तिनं गाणं म्हटलं नाही. एकेक पान हातात घेऊन नाव घेतलं. आत्माराम. आई. मधू. गुरुदत्त. चंद्रा. सरला. मालन. सात. ओसरीवर ठेवून पुन्हा मोजली. सात. विहिरीच्या पाण्यानं धुतली, पुन्हा मोजली. सात.

पाट मांडले. पानं मांडली. भात वाढायला ती आत गेली आणि तपेली घेऊन बाहेर आली.

सहाही जण बसले असतील असं तिला वाटलं.

नाही. पाच जण बसले होते, सरला उभी होती. एक पाट तिचा, मालनचा, रिकामा, त्याच्यापुढं पान. आणि सरलेच्या पाटापुढं नुसती सारवलेली जमीन.

"मावशी, माझं पान?"

कुणाच्या काही लक्षात आलं नाही. आत्माराम म्हणाला, "मोजायला चुकलीस होय? पानकरीण म्हणे!" गुरुदत्तराव हसले. मधू दुसरं पान आणायला उठू लागला.

"बस खाली," मालन म्हणाली.

आणखी एक कापून काय होणार, ते तिला माहीत होतं. तपेली खाली ठेवली. पोरीला उचललं आणि आपल्या पाटावर, आपल्या पानापुढं बसवलं.

"हे तुझं."

"मग तू?"

"मी काकांच्या पानावर जेवते नेहमी. मला नाही लागत."

सरला जेवली. दुखण्यातून उठल्यावर पहिल्यांदाच तिनं दोनदा भात मागितला. चंद्रकांताच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग दुपार. मालननं पोरीचा हात सोडला नाही. झोपली तेव्हा तिच्या नाकापुढं बोट धरून बसली. रहाटाची मडकी एकामागून एक रिकामी होत राहिली. ऊन पाटावरून सरकलं, केळीच्या बुंध्यावर चढलं, शेंड्यावर गेलं, विझलं.

दिवे लागले. सरला मधूशी भांडत होती.

बुधवारी सकाळच्या गाडीत मालननं त्यांना बसवून दिलं. गुरुदत्तराव फुगलेले, चंद्रकांता गोंधळलेली. खिडकीतून सरलेनं हात हलवला. "मावशी, पुढच्या वर्षी तूच ये!" गाडी नायगावच्या खाडीकडं वळली आणि मालन मोकळं रडली.

येताना ती बंदरावर गेली. मंगळवारी तिथं काहीच झालं नव्हतं. तेवीस माणसं जेवली आणि तेवीस निजली. भालचंद्रपंतांना तिनं सांगितलं, आजपासून माझी पानं बंद. ते म्हणाले, "जशी इच्छा, ताई." नेहमीसारखे हसले, आणि सवयीनं चिठ्ठी पुढं केली. तिनं ती घेतली नाही.

घरी येऊन तिनं हातपाय धुतले. चुलीवर भात रटरटत होता. अंगात कसा हलकेपणा आला होता, नुकत्याच बाळंत झालेल्या बाईसारखा. कोयती घेऊन ती केळींत गेली, आणि किती दिवसांनी गाणं आपोआप ओठांवर आलं. पहिलं माझं पान गं, वाडीच्या देवाला. दुसरं गाईला. तिसरं, चौथं. पाचवं वाटेच्या पावण्याला.

तिथं ती थांबली.

चौदा वर्षं म्हणत होती. देव होता, गाय होती, पावणासुद्धा होता. गाण्यात ती स्वतः कुठंच नव्हती.

मग तिनं गाणं सोडलं आणि नावं घेतली. आत्माराम. आई. मधू. मालन. चार पानं. छातीशी धरून घरात आणली, आणि एकेक करून जमिनीवर मांडली.

तीन.

हात रिकामे होते. तिनं पदर झाडला. दारापर्यंत जाऊन पाहिलं. वाट स्वच्छ होती.

"अहो," ती म्हणाली. "अहो, बघा ना. एक पान कमी आहे."

आत्माराम पाटावर बसला, पाण्याचा तांब्या जवळ ओढला, आणि पानांवरून एकदा नजर फिरवली.

"बरोबर आहेत की," तो म्हणाला. "रोज तीनच तर असतात."