अर्धं संत्रं

फेब्रुवारीत खिंडीखालचा निवारा उघडायचा, चूल पेटवायची, दमट गाद्या झटकायच्या, हे आमच्या घरचं वर्षानुवर्षांचं काम. त्या सकाळी आम्ही मायलेकी त्यासाठीच निघालो, मी आणि सेरायना. गळ्यातली यंत्रं चालू आहेत ना, हे एकमेकींचं तपासून घेतलं. बर्फाखाली गाडलं गेलं तर त्यांच्याच बीपवर माणूस सापडतं. बरोबर याखेन नव्हता, एवढाच फरक. माझा नवरा. आयुष्यभर लोकांना बर्फातून सुखरूप आणणारा वाटाड्या, आणि गेला तो घरी, अंथरुणात, पायात लोकरी मोजे घालून.

गावात त्याची थट्टा व्हायची. "याखेनची वाट म्हणजे गाभण गाईची वाट!" सरळ चढ सोडून तो धारेवरून लांबचा वळसा घ्यायचा. प्रत्येक वळणावर बर्फ तुडवून चौकोन करायचा आणि मी पोचेपर्यंत तिथं उभा राहायचा. उभ्या उभ्या संत्रं सोलायचा. अर्धं स्वतः खायचा, अर्धं माझ्यासाठी जाकिटाच्या आत छातीशी उबेत ठेवायचा. साली तिथंच टाकतो म्हणून मी ओरडायची.

जंगल संपलं आणि धुकं उतरलं. स्कीची टोकंही दिसेनात. सकाळच्या पत्रकात बर्फ कोसळण्याच्या धोक्याची पाचांतली तिसरी पायरी होती, आणि रात्रभर वाऱ्यानं सरळ चढाच्या खोलगटात, उतारावर बर्फ नेऊन रचला होता.

"आई, खोलगटातून सरळ जाऊ. लगेच चुलीपाशी."

"त्या उतारावर नको गं."

"काल चौघं गेले तिथून, काही झालं का? मी एकटी पुढं होते. पलीकडं पोचले की हाक मारते, मग तू ये. बाबांचाच नियम ना?"

बापासारखीच हट्टी. आणि मला धुक्यात धारेची वाटच सापडत नव्हती, सांगणार काय? आता ती एकटीच उरलीय मला. तिनं स्की वळवल्यासुद्धा, आणि तेवढ्यात वास आला... संत्र्याचा.

पायाशी ताजी साल पडली होती. तिथून स्कीचा माग डावीकडं धारेवर चढत होता. काठ्यांच्या खुणांत उजवीकडं गोल चकती उमटलेली, डावीकडं नुसतं भोक. याखेनच्या डाव्या काठीची चकती कधीची तुटली होती. बसवून घे, बसवून घे म्हणून मी थकले होते.

सेरायना वाकून बघत राहिली. "बाबांच्या काठ्या... तळघरात आहेत ना?"

"आहेत."

"मग हे..."

"बोलू नकोस. माझ्या मागून ये. अंतर ठेव."

प्रत्येक वळणावर तुडवलेला चौकोन होता. पुढं धुक्यात कडक बर्फावर काठी वाजायची. ठक... ठक... मी थांबले की तीही थांबायची. भीती वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटत होतं.

मग खालून धप्प असा जड आवाज आला आणि खोलगटातला अख्खा बर्फ सुटला. दिसलं काहीच नाही. नुसती गडगड, आणि तोंडावर बर्फाची गार भुकटी. सेरायनानं जवळ येऊन माझी बाही धरली, ती सगळं शांत झाल्यावरही सोडली नाही.

निवाऱ्याच्या दाराशी गुडघाभर बर्फ होता, कुणी न मोडलेला. कुलूप तसंच, किल्ली माझ्या खिशात. पण माग दाराशी संपत नव्हता. भिंतीला वळसा घालून तो वर खिंडीकडं गेला होता. तिकडं पुढं निवारा नाही.

सेरायना चुलीशी झटत होती. मी वर जाणाऱ्या त्या मागावरून पहिल्या वळणापर्यंत गेले. चौकोनात अर्धं संत्रं ठेवलेलं होतं, सोललेलं. थंडी अशी की बाटलीतलं पाणी गोठलेलं. मी हातमोजा काढून ते उचललं. कोमट होतं.

वरच्या धुक्यात एकदा ठक झालं. मग काही नाही. मी येईपर्यंत उभं राहायची त्याची सवय.

"थांब रे जरा," मी हळूच म्हणाले. "पोरीला अजून चूलही पेटवता येत नाही."

ते अर्धं संत्रं मी निवाऱ्याच्या खिडकीत ठेवलं. त्यानंतर उन्हाळा येऊन गेला. संत्रं सुकलेलं नाही, आणि हात लावला तर अजून कोमट लागतं. सेरायना आता चूल छान पेटवते.