नको म्हणजे नको

दार उघडलं आणि आधी मला एक हात दिसला. तो हात मी लगेच ओळखला. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याची पांढरी खूण, अंगठ्याला जुनी चीर... कित्येक आठवडे हाच हात माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यातून आत यायचा, वाकडा टॅब्लेट सरळ करायचा आणि गायब व्हायचा. त्या हाताला एवढा उंच माणूस जोडलेला आहे, हे मात्र आजच कळत होतं.

"अरे, तुम्हाला पायसुद्धा आहेत!" तो म्हणाला आणि लगेच त्याने जीभ चावली. "म्हणजे... स्क्रीनवर तुम्ही खांद्यापर्यंतच असता ना, मॅडम."

"आणि तुम्ही मनगटापर्यंत," मी म्हणाले.

तो हसला. हसणं ओळखीचं होतं. काकांच्या पाठीमागून ते मी अनेकदा ऐकलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, कधीकधी त्याची वाटही पाहिली होती.

पक्षाघाताने ज्यांचे शब्द हरवतात, त्यांना मी पुन्हा बोलायला शिकवते. काका, म्हणजे त्याचे वडील, माझे पेशंट. मी दवाखान्यात, काका घरी, मध्ये टॅब्लेट. गेल्या आठवड्यात अचानक काकांचा आवाज येईनासा झाला. ओठ हलताना दिसायचे, ऐकू काही नाही. मुलाचा निरोप आला — मॅडम, माइक गेला. खरं तर दवाखान्यातून दुरुस्तीवाला पाठवता आला असता. पण मीच निघाले. बसमध्ये बसल्यावर मग स्वतःला विचारलं, बाई गं, तुला माइकमधलं काय कळतं?

काका खिडकीजवळच्या पलंगावर बसले होते. मला पाहून त्यांचे डोळे चमकले.

"बाबा, पाणी देऊ?" मुलाने विचारलं.

"नको," काका म्हणाले आणि पाण्यासाठी हात पुढे केला.

काकांचं हे असंच होतं. मोजके शब्द परत आले होते, त्यात 'नको' सगळ्यात दणदणीत. पण मनात 'हो' असलं की तोंडातून नेमकं 'नको' निघायचं. ते घर आता त्यांच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघायला शिकलं होतं.

आम्ही दोघं टॅब्लेटवर वाकलो. त्याने कुठूनशी टाचणी आणली.

"अहो, थांबा! माइकच्या भोकात टाचणी घालू नका. आतलं फाटलं तर खरंच जाईल."

"मग काय करू?"

"कव्हर काढा. भोकावर आलं असेल."

कव्हर निघालं. चष्म्याच्या काचा पुसायच्या मऊ ब्रशने त्याने ते बारीकसं भोक हलक्या हाताने झाडलं. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, हे मला ब्रशवरच्या नावावरून तेव्हा समजलं. टॅब्लेट बंद करून पुन्हा सुरू केला. मी माझ्या फोनवरून, शिकवणीच्या ॲपमधून टॅब्लेटला कॉल लावून पाहिला... चित्र आहे, आवाज नाही.

"आता आवाज नुसता रेकॉर्ड करून बघू," मी म्हणाले.

"बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"कमाल आहे! जगाला बोलायला लावता, आणि स्वतःवर आलं की...?"

"आज हवा छान आहे," मी घाईघाईने म्हणाले.

त्याने बटण दाबलं. माझंच वाक्य स्पष्ट ऐकू आलं. मग त्याने ते पुन्हा ऐकलं.

"दोनदा कशाला?"

"खात्री करून घेतो," तो टॅब्लेटकडे बघत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

म्हणजे माइक ठणठणीत होता. बहिरं झालं होतं ते फक्त आमचं शिकवणीचं ॲप. मी सेटिंग्ज उघडली. ॲपला मायक्रोफोन वापरायची परवानगीच नव्हती.

"पण आधी तर होती," तो म्हणाला. "गेल्या आठवड्यात ते ॲप नवीन झालं, तेव्हा काहीतरी विचारत होतं... मी दुकानात जायच्या गडबडीत बाबांच्या हातात दिलं आणि..."

मायक्रोफोन वापरू का? खाली दोन चौकोन. हो. नको.

आम्ही दोघांनी एकदम काकांकडे पाहिलं. काकांनी मान खाली घातली. जिभेची चूक त्यांच्या बोटानेही केली होती. मला हसू फुटलं, त्यालाही. पण मग तो काकांशेजारी जाऊन बसला.

"आठवडाभर ते बोलत होते," तो हळूच म्हणाला, "आणि मी त्यांना सारखं सांगत होतो, बाबा, जरा मोठ्याने बोला."

त्याने काकांच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मी इतके दिवस पाहत होते, पण मला तो खरा आवडला त्या क्षणी.

मी परवानगीचं बटण सुरू केलं. संपलं काम. आता उद्यापासून मी पुन्हा खांद्यापर्यंतच उरणार होते. मी पर्स उचलली.

"येते."

"बाबांचं 'नको' म्हणजे 'हो'. तुमचं 'येते' म्हणजे 'जाते'," तो दाराशी येत म्हणाला. "या घरात सरळ बोलायचं कोणी?"

"तुम्ही बोला की."

"मी? मी दिवसभर लोकांना एकच विचारतो — आता दिसतंय का? आणि आता? त्यापलीकडे मला..."

तो अडखळला. अडखळलेल्या माणसाला वेळ द्यायचा असतो, त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नसतं. हा माझ्या कामातला पहिला धडा. पण तो धडा पेशंटसाठी आहे, आणि मला आता थांबवत नव्हतं.

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. "आधी आवाज आवडला, मग हात. बाकीचे आज." आणि लगेच विचारलं, "आता दिसतंय का?"

"स्पष्ट," तो म्हणाला. "मला तर तुम्ही पहिल्या दिवसापासून... मी टॅब्लेट मुद्दाम वाकडा ठेवायचो. सरळ करायला यायला मिळावं म्हणून."

मला हसावं की रडावं कळेना. "पण मग एक अडचण आहे. पेशंटच्या घरात असं जीव गुंतवून मला शिकवता येणार नाही. काकांना आमच्या दवाखान्यातल्या मोठ्या बाई शिकवतील. माझ्यापेक्षा हुशार आहेत त्या."

"नको!" पलंगावरून आवाज आला.

"बघा, बाबांना पसंत आहे," तो म्हणाला आणि सवयीने आम्ही दोघंही हसलो.

काका हसले नाहीत. त्यांचा हात पुढे आला नव्हता. तो छातीशी घट्ट धरलेला होता, आणि मान या खांद्याकडून त्या खांद्याकडे हलत होती.

"नको."

माझ्या हातातली पर्स खाली पडली. चमचा, चप्पल, छत्री... चित्रं दाखवून, 'हवं का?' विचारून विचारून मी थकले होते, आणि हा 'नको' कधी योग्य जागी बसला नव्हता. आज बसला. मी जाऊ नये म्हणून बसला.

मी त्यांच्यापाशी जाऊन बसले. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पुसायचंही भान नव्हतं.

"काका, शिकवायला नाही येणार. पण घरी येईन. खरंच येईन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मुलाकडे. गळ्याची शीर ताणली गेली, ओठ जुळले, सुटले. आम्ही दोघंही थांबलो. कोणीच त्यांचं वाक्य पुरं केलं नाही.

"ये," काका म्हणाले.

हा शब्द मी त्यांना शिकवला नव्हता.