अर्ज मागे घेणारी बाई

ही गोष्ट शपथेवर सांगितली तरी कुणी खरी मानणार नाही, असं आधी बजावूनच दत्ताराम महाडच्या एसटी डेपोसमोरच्या टपरीवर सुरुवात करायचा. दत्ताराम म्हणजे कोर्टातला निवृत्त बेलीफ. समन्स पोचवून पोचवून तालुक्यातलं एकही कुत्रं त्याच्यावर भुंकायचं राहिलं नव्हतं. नोकरी संपल्यावर तो नफिसा सरखोत यांची गाडी चालवू लागला. नफिसाबाई खासगी तपास करायच्या. बोलायच्या कमी, बघायच्या जास्त. दत्तारामचं नेमकं उलट.

एका दुपारी त्यांच्या दारात कुलसुम येऊन उभी राहिली. महाडात शिवणकाम करणारी, सरळ बोलणारी. नवरा मुनाफ, पोलादपुरात हायवेला त्याचं हॉटेल. त्यानं हिला माहेरी आणून सोडलं, घाटावरची दुसरी बायको केली, पण हिला तलाक देईना. नांदवायचं नाही आणि सोडायचंही नाही.

कुलसुमने दोन दारं ठोठावली होती. महाडच्या कोर्टात दावा टाकला, तिथे तारखा पडत होत्या. आणि दारुल कझात, म्हणजे काझीसाहेब शरियतप्रमाणे घरचे तंटे ऐकतात तिथे, निकाह रद्द करून मागितला. कझाच्या निकालाला कायद्याचं बळ नाही. पण तो नसेल तर समाज तिला मोकळी मानणार नाही, आणि कोर्टाचा नसेल तर सरकार मानणार नाही. एक दार उघडून भागत नव्हतं.

"उद्या कझाचा निकाल होता," कुलसुम म्हणाली. "आणि काल म्हणे मी स्वतः जाऊन अर्ज मागं घेतला. नवऱ्याकडं नांदायला जाते, असं काझींसमोर बोलले. मी तर काल सव गावी होते, मावशीकडं."

मावशीचा शब्द कोण धरणार? घरचीच ती. तिकडे मुनाफचा वकील कोर्टात सांगायच्या तयारीत होता की बाईचं समाधान झालं, दावाही संपवा.

नफिसाबाई थेट काझीसाहेबांकडे गेल्या. म्हातारा भला माणूस. परक्या बाईच्या चेहऱ्याकडे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. आलेली बाई बुरख्यात होती, तिचा आवाज सर्दीनं बसलेला होता. नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, दोन्ही बरोबर आली. मग त्यांनी शब्द मानला.

"ती दुसरी बाई होती हे दाखवा," ते म्हणाले, "मी उद्याच निकाल देतो. नाही दाखवलंत तर माझे हात बांधलेले आहेत."

बायकांच्या खोलीची व्यवस्था जैनबखाला बघायची. दत्तारामने तिला आपली शंका आधीच ऐकवली: बुरख्यात मुनाफच असणार. पाय केवढे होते ते आठव म्हणाला.

"बाई बाईला ओळखते रे," जैनबखाला म्हणाली. "बाईच होती ती. आन् बरी देवभोळी. काझीसायबांकडचं काम झालं तरी जाईना. कोपऱ्यात घड्याळाकडं बघत बसली. आमची असर कवाच झालेली. मंग उठली, मुसल्ला घातला, नमाज पढली. सुरुवातीला कानापाशी हात उचलले तेवढेच, पुन्हा उचलले नाय. निवांत पढली आन् गेली."

असर म्हणजे तिसऱ्या प्रहराची नमाज, हे दत्तारामला ठाऊक होतं. त्यापुढे त्याला काही विशेष वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं पोलादपूरला गेले. हॉटेलच्या मागेच मुनाफचं घर. मुनाफ गल्ल्यावर होता. घरातल्या बायकांशी बोला, मला काय विचारता, म्हणाला आणि मिशीत हसला.

सासू हव्वाबीनं काही लपवलं नाही. सून परत येते म्हणते तर वाईट काय, असा तिचा उलटा सवाल. नणंद रझिया तिखट. तिचा आवाजही बसलेला होता, आणि कुलसुमच्या बापाचं नाव तिच्या जिभेवर होतं. दत्तारामने डोळे बारीक केले. दुसरी बायको शाहीन चुलीपाशी चपात्या लाटत होती.

"ती सुटली तर मलाच बरं नव्हं का?" ती खालमानेनं म्हणाली. "सवत सुटू नये म्हणून मी कशाला धडपडू?"

तेवढ्यात मशिदीतून असरची अजान आली. हव्वाबी आणि रझिया बोलणं टाकून उठल्या, नफिसाबाईही त्यांच्याशेजारी उभ्या राहिल्या. शाहीन लाटतच राहिली. मग चहा झाला. तो नफिसाबाईंनी इतका पुरवून प्याला की दत्तारामला झोप येऊ लागली. अखेर त्या उठल्या, तेव्हा आतल्या खोलीत शाहीन मुसल्ल्यावर उभी होती.

"नणंदच," गाडीत बसताच दत्ताराम म्हणाला. "घसा बघितला ना तिचा?"

"पाऊस पडतोय दत्ताराम. अर्ध्या पोलादपूरचा घसा बसलाय."

संध्याकाळी काझीसाहेबांनी सगळ्यांना बोलावलं. मुनाफ पाय पसरून बसला होता. नफिसाबाई उभ्या राहिल्या.

"आम्ही कोकणी मुसलमान शाफई पद्धतीचे. घाटावरचे बहुतेक हनफी. दोन्ही बरोबर, पण दोन्हींच्या सवयी वेगळ्या. आमची असर लवकर लागते, त्यांची बऱ्याच वेळानं. आम्ही नमाजेत वाकताना, उठताना पुन्हा हात उचलतो. ते सुरुवातीला एकदाच. जैनबखालानं पाहिलेली बाई आमची असर होऊन गेल्यावरही घड्याळ बघत थांबली, कारण तिची वेळ झाली नव्हती. आणि तिनं हात एकदाच उचलले. कुलसुम, हव्वाबी, रझिया, तिघी कोकणी. आज अजान झाली तशा त्या दोघी उठल्या. त्या घरात एकच बाई नंतर उठली."

शाहीननं ओढणी पुढं ओढून घेतली.

"पण सवतीला ती का अडवेल?" काझीसाहेबांनी विचारलं. हा प्रश्न आपलाच, म्हणून दत्तारामने मान हलवली.

"ते तिलाच विचारू. शाहीन, तू काझींसमोर खोटं बोललीस, पण नमाज चुकवली नाहीस. म्हणजे खोटं तुझं नव्हतं."

मग शाहीनचा आवाज आला, या वेळी सर्दीशिवाय. मुनाफ म्हणाला होता, कझानं एकीला सोडवलं की उद्या तूही तिथं जाशील. जाणार नाहीस हे दाखवायचं असेल तर तूच जा आणि तिचा अर्ज मागं घे. नाहीतर घाट चढून माहेरी.

मुनाफ उसळला. असल्या कझाला कायद्यात कवडीची किंमत नाय, कोण मानतो, म्हणाला.

"तू मानतोस," नफिसाबाई शांतपणे म्हणाल्या. "किंमत नव्हती तर अर्ज मागं घ्यायला बाई कशाला धाडलीस?"

मुनाफनं पाय आवरले. काझीसाहेबांनी तिथल्या तिथं निकाह रद्द झाल्याचं जाहीर केलं, आणि झाली फसवणूक कोर्टात स्वतः येऊन सांगेन म्हणाले. तसे ते आलेही, काठी टेकत. मुनाफच्या वकिलाला खोकल्याची उबळ आली ती तारीख संपेपर्यंत थांबली नाही. पुढे कोर्टानंही कुलसुमला मोकळं केलं. दुसरं दारही उघडलं. शाहीन त्याआधीच आपल्या मर्जीनं घाट चढून माहेरी गेली होती, आणि तिला गाडीत बसवून द्यायला कुलसुम गेली होती.

इथे दत्ताराम नेहमी थांबायचा, चहाचा घोट घ्यायचा आणि आवाज खाली आणायचा.

"कोर्टाचा निकाल ऐकला तशी ती पोरगी धावत आली, माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आन् ओक्साबोक्शी रडली. मी म्हटलं, रडू नको गो बाय, दत्ताराम हाय ना."

टपरीमागे पोलादपूरच्या गाडीची वाट बघत, शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन एक बाई उभी होती. तिनं गाठोडं खाली ठेवलं.

"खोटं, मामा," कुलसुम म्हणाली. "मी हसत होते. रडत होतात ते तुम्ही. आन् नाक पुसलंत माझ्या ओढणीला."