तळघरातली पावलं

अप्लाइड फिजिक्स शिकून पुढे काय होणार, हे घरात तिला इतक्या वेळा विचारलं गेलं होतं की तिने उत्तर देणंच सोडलं होतं. काकांनी तर बंद पडलेला मिक्सर पुढ्यात ठेवून परीक्षाच घेतली होती. मिक्सर तिने दुरुस्त केला, पण त्याने काकांचं समाधान झालं नाही. वर्गातले निम्मे जण बँकेच्या आणि सॉफ्टवेअरच्या वाटेला लागले होते. तिला मात्र मोजमापाची यंत्रं बनवायची होती. तशी यंत्रं बनवणारी एक कंपनी विभागातून दरवर्षी एकच विद्यार्थी घ्यायची, आणि तो कोण हे विभागप्रमुख सर ठरवायचे.

सरांच्या खोलीत आधीच्या सहा जणांचे फोटो ओळीने लावले होते. त्यांतला एक आता लेझर बनवत होता, एक इस्पितळातली किरणांची यंत्रं तपासत होता, एकीने बनवलेलं उपकरण उपग्रहावर गेलं होतं. सातव्या फोटोसाठी खिळा आधीच ठोकलेला होता. चहा पिताना सर त्या खिळ्याकडे बघत आणि मग तिच्याकडे.

तिचं काम सोपं होतं. तळघरातल्या खोलीच्या जमिनीत बारीकसारीक धक्के टिपणारं यंत्र बसवलं होतं. ती खोली किती निवांत आहे, ते तीन आठवडे मोजून कंपनीला दाखवायचं. खोलीला कुलूप, किल्ली तिच्या खिशात, आणि ती शेजारच्या खोलीत काचेपलीकडे स्क्रीनसमोर बसलेली.

चौथ्या दिवशी सकाळी अकरा चाळीसला स्क्रीनवरची रेघ हलली. दारापासून टेबलापर्यंत, एकामागून एक, नऊ धक्के. मग काही नाही. तिने काचेतून पाहिलं. आत टेबल होतं, स्टूल होतं, कोणी नव्हतं.

ती काही लगेच हबकणाऱ्यातली नव्हती. पाण्याचा पंप बंद होता, लिफ्ट दुरुस्तीला काढलेली होती, रस्ता बराच लांब होता. दुसऱ्या दिवशी अकरा चाळीसला पुन्हा तेच. आठवडाभराने तिने एकेका धक्क्यात मिसळलेले ताल वेगवेगळे करून पाहिले. प्रत्येक माणसाच्या चालीचा ताल निराळा असतो. हे ताल सहा होते. सहा जण एका ओळीत आत येत होते आणि टेबलापाशी थांबत होते. परत जाताना मात्र एकदाही नोंद झाली नव्हती.

रोजची नोंद असलेली वही तिने सरांपुढे ठेवली. सरांनी अकरा चाळीसची ओळ वाचली आणि ती खोडायला सांगितली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्या वर्षी, पहिल्याच तासाला, याच माणसाने फळ्यावर लिहिलं होतं: नोंद पेनानेच करायची, खोडायची कधीही नाही. चुकली तर वर एक आडवी रेघ आणि शेजारी सही. चार वर्षं तिने तो नियम जिवापाड पाळला होता. एका खाडाखोडीपायी याच सरांनी तिचे पाच गुण कापले होते.

"ती नोंद नाही, इमारतीचा खोकला आहे," सर म्हणाले. "त्या सहाही जणांनी खोडलं. कोणाचं काय वाईट झालं?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं ती मनात म्हणाली आणि भांडार सांभाळणाऱ्या मामांकडे गेली. मामांनी कपाटातून सहा जुन्या वह्या काढून दिल्या. सगळं पेनाने लिहिलेलं, फक्त रोजची अकरा चाळीसची ओळ पेन्सिलीने. ती खोडून खोडून कागद विरला होता.

मामा म्हणाले, "येतात हो ती पोरं अधूनमधून भेटायला. चांगली बोलतात, पेढे आणतात. पण मागे येऊन उभी राहिली तरी कळत नाही."

तिने ओळ खोडली नाही. मग सरांनीच वही ओढून घेतली, ब्लेडने शाई खरवडली आणि वरून रबर फिरवलं. उद्या स्वतः खाली येऊन दाखवतो, असंही सांगितलं.

सरांचा डावा पाय अधू होता. त्यांचं चालणं, एक पाऊल जड आणि एक घासत, सगळ्या मजल्याला ओळखू यायचं. मुलं त्यावरून मोबाइल लपवायची. दुसऱ्या दिवशी साडेअकराला मात्र ते खांद्यामागून बोलले, तेव्हाच ते आल्याचं तिला कळलं.

तिने कुलूप काढलं. सर आत गेले, दारापासून टेबलापर्यंत चालले. तिथे उभं राहून त्यांनी उजवा पाय जोराने आपटला.

"दिसतंय काही?"

रेघ सरळ होती.

यंत्र बिघडलं असेल म्हणून तिने उंबऱ्यावर पेनाचं टोपण टाकलं. रेघ ताडकन उडाली.

सर बाहेर आले, स्क्रीन पाहून खूश झाले. "बघ. स्वच्छ. शून्य लिही, फोटो काढून घे, नोकरी तुझी." ते जिना चढून गेले. तिने कान देऊन ऐकलं. जिना गप्प होता.

तिने कुलूप लावलं.

अकरा चाळीस.

सहा जण आले. प्रत्येकाची नऊ पावलं, आणि टेबलापाशी थांबले.

मग दारापासून सातवा निघाला. एक पाऊल जड, एक घासत. जड, घासत. घाई नव्हती.

वरच्या मजल्यावर सर फोनवर कोणाशी तरी हसत होते.

भीतीपेक्षा तिला संताप जास्त आला होता. तिने पेन उघडलं. खरवडलेल्या जागेखालच्या कोऱ्या ओळीवर लिहिलं: अकरा चाळीस. चालणारे सात. सातवा डावा पाय ओढतो. शेजारी पूर्ण सही केली. नोकरी गेली, हे सही करतानाच तिला कळलं होतं.

वही छातीशी धरून ती वर निघाली. पहिल्या पायरीवर तिने मुद्दाम जोरात पाय आपटला, आणि आवाज येतो का, ते थांबून ऐकलं.